अर्धंच रान तोडायचं

लोकांना वाटतं मी हुशार माणूस आहे. रेल्वेच्या कारखान्यात खलाशी, म्हणजे मदतनीस, म्हणून लागलो, फिटर म्हणून बाहेर पडलो, चौथीच्या पुढं शाळा पाहिली नाही, तरी हैद्राबाद शहराबाहेर निलगिरीचं रान लावलं आणि दर खेपेला कमी खर्चात तोडून घेतलं. तारनाक्याला सकाळी फिरायला येणारे पेन्शनवाले मला गाठतात. "काका, तुमची तोडणी इतकी स्वस्तात कशी पडते? आमच्या झाडांकडं तर गाडीवाला यायलाच तयार नाही." पूर्वी मी छाती फुगवून काहीबाही सांगायचो. आता म्हणतो, माझी बायको मेली, तिला विचारा. मग ते बागेत उलट्या बाजूनं फिरायला लागतात. बरं होतं.

ती मागच्या थंडीत गेली. कशानं, ते लिहीत नाही. पुण्यानुमोदनाला आलेल्या माणसांनी ते इतक्यांदा विचारलं की माझी जीभ विटली. आधी का नाही दाखवलं, डॉक्टर कोणता होता, रिपोर्ट काय आला होता. हातात पुरीभाजीची ताटली धरून विचारत होते. एकानं मला मिठी मारली आणि माझ्या खांद्यावरून वाढप्याला खूण केली, इकडं भात आण म्हणून. मी पाहिलं ते.

तर रान. फार मोठं नाही, मुरमाड जमिनीचा तुकडा आहे. नोकरीत असतानाच घेतला, तेव्हा तिकडं कुत्रं फिरकत नव्हतं. रविवारी आम्ही गौलीगुड्याहून बस धरायचो आणि उतरून तासभर चालायचो. आठवड्यातून एक दिवस गेलं तरी ज्याचं अडत नाही असं काय लावायचं, तर निलगिरी. तिनंच ठरवलं. तिकडं तेलुगूत त्याला जामायल म्हणतात. मुलाच्या हापिसातल्या एका मित्रानं मला एकदा ऐकवलं, अंकल, निलगिरी जमिनीचं सगळं पाणी पिते. मी म्हटलं, तुझ्या सोसायटीत रोज किती टँकर येतात ते आधी बघ, मग झाडाचं बोल. तो पुन्हा घरी आला नाही.

निलगिरी तोडली की मरत नाही. बुडाशी खाली, तिरपा घाव घालून तोडायची, म्हणजे खुंटावर पाणी साचत नाही. पाऊस लागायच्या आधी तोड झाली तर खुंटाला चहूकडून फुटवे येतात. त्यातले दोन ठेवायचे, बाकीचे काढून टाकायचे. चार वर्षांनी पुन्हा लाकूड तयार. हे सगळेच करतात. आमच्याकडं वेगळं एवढंच होतं की माझी बायको कधी सगळं रान एकदम तोडू द्यायची नाही. या खेपेला पश्चिमेकडचं अर्धं, दोन वर्षांनी पूर्वेकडचं अर्धं. मी विचारलं होतं, हा काय नखरा? ती म्हणाली, सगळं मोकळं दिसलं की कोणीतरी रातोरात हद्दीचे दगड पुरून जातो आणि मग आपण कोर्टात हिंडायचं. अर्धं उभं असलं की माणूस आहे असं दिसतं. हैद्राबादच्या भोवती ज्याची जमीन आहे त्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

पण अर्धं तोडायला गाडी येत नाही. तोडणाऱ्यांची टोळी येते, झोपड्या घालते, तोडते, ओली साल काढते, गाडी भरते. थोड्या लाकडासाठी एवढा पसारा कोणाला परवडत नाही. मग मेस्त्री भाव पाडतो किंवा येतच नाही. मेस्त्री म्हणजे टोळीचा मुकादम. आमच्याकडं मात्र तो दर खेपेला वेळेवर यायचा आणि मोठ्या बागवाल्याला लावतो तोच दर आम्हाला लावायचा. मला वाटायचं, माझ्या तोंडाला भिऊन लावतो.

शेजारी एका पटेलाचं, म्हणजे तिकडच्या पाटलाचं, रान होतं, तेही निलगिरीचंच. आमची जमीन घेतली त्या वर्षी तो बांधावर आला होता. चांगलं बोलला. मग त्यानं विचारलं, तुम्ही कोण लोक? मी सांगितलं. त्यानंतर तो बांधावर आला नाही. पुढच्या पावसाळ्यात त्यानं आपली शेवटची रांग अगदी बांधाला चिकटून लावली, म्हणजे सावली आमच्यात पडावी. मी त्याच्या बाजूचे दगड उखडून फेकले. त्यानं माझ्या वाटेवर काटे टाकले. तेव्हापासून आमचं बोलणं नव्हतं. त्याची बायको मात्र माझ्या बायकोजवळ येऊन बसायची. ती तेलुगूत बोलायची, ही मराठीत, मधे दोघींचं आपल्या हैद्राबादी हिंदीवर चालायचं. भाकरी आणि गोंगुऱ्याची, म्हणजे अंबाडीची, चटणी इकडून तिकडं जायची. मी म्हणायचो, त्या बाईला कशाला बसवून घेतेस. ती म्हणायची, तू तिकडं बघ.

यंदा पश्चिमेकडच्या अर्ध्याची पाळी होती. उन्हाळा लागला तसा मी मेस्त्रीला फोन केला.

"किसका लेके भरना बोल रै, चच्चा?" तो म्हणाला.

"किसका क्या? हमारा. हर बार जैसा."

"हर बार आपका आधा और पटेल का आधा मिलाके एक टोली, एक फेरा होता था ना. इस बार पटेल तो पूरा काटरा."

मी म्हटलं, पटेलाचा आणि माझा काय संबंध? मेस्त्री हसला. "वो अम्मा और पटेलम्मा का हिसाब था, चच्चा. दोनों मिलके मेरे कू दबाते थे. आप बीच में किधर थे?"

फोन ठेवला. तेव्हा मला कळलं. दोघी बांधावर बसून ठरवायच्या. आमचं अर्धं आणि त्यांचं अर्धं एकाच वेळी निघायचं, टोळी एकदाच यायची, गाड्या पूर्ण भरायच्या. शेंडे आणि साल टोळीनं न्यायची, त्या बदल्यात दर खाली. दोन बाप्ये एकमेकांकडं पाठ करून उभे, आणि मधून दोघींचं व्यवस्थित चाललेलं. मला सांगितलं असतं तर मी मोडलं असतं, म्हणून सांगितलं नाही. मेस्त्रीला माहीत होतं, पटेलाला माहीत असेल नसेल. मला नव्हतं. हिच्या फोटोसमोर उभा राहून मी तिला शिव्या दिल्या. ऐकायला कोणी नव्हतं.

पुढच्या रविवारी पटेल स्वतः बांधावर आला. म्हातारा झालाय तोही, पण मोटारसायकल सोडत नाही. माझी बायको गेली त्याबद्दल एक शब्द बोलला नाही. ते मला आवडलं.

"रेल्वे, या खेपेला तुझं सगळं काढून घे." तो मला रेल्वेच म्हणतो. तेलुगूत बोलत होता.

"माझं काय काढायचं ते मी बघतो, पटेल."

"काय बघशील? मी जमीन प्लॉटिंगवाल्याला दिली. माझं मुळासकट साफ होणार. पुढं तुझ्या मूठभर काड्यांसाठी इथं गाडी येणार आहे का? डोक्यावर वाहून नेशील?"

"नेईन. रेल्वेत काय कमी वाहिलं."

"रेल्वेत वाहायला पगार होता," तो म्हणाला आणि मोटारसायकलला लाथ मारून निघून गेला.

हरामखोर, पण बोलला ते खरं होतं. त्याची जोड गेली की अर्धं तोडणं संपलं. आज त्याच्याबरोबर सगळं काढलं तर स्वस्तात निघणार होतं. नाहीतर राहिलेलं अर्धं दोन वर्षांनी विकायला गेलो तर तोडायचा खर्चच लाकडाला खाऊन टाकणार.

मुलाचं मत लगेच तयार होतं. तो जेवताना फोनमधून डोकं वर न काढता म्हणाला, "बाबा, एकदाच सगळं करून टाका ना. मशीनवाले पण येतात आता. खुंटं सुद्धा उपसून नेतात, भट्टीला चालतात. तोडणीचे पैसेसुद्धा घेत नाहीत."

"खुंटं उपसली तर फुटणार काय, तुझं डोकं?"

"फुटून काय करायचंय? कोण जाणार आहे तिकडं?"

"मी जातो."

"तुम्ही या वयात बसनं जाता आणि आम्ही इथं घाबरून बसतो. आई असती तर तीही हेच म्हणाली असती."

"आईचं तू बोलू नको. तिला रानात शेवटचं कधी नेलं होतंस ते सांग."

"तुम्ही तरी कधी तिला विचारून काही केलंत?"

सुनेनं आमटी वाढली, कोणी मागितली नव्हती तरी. मी ताट सरकवून उठलो. नात टीव्हीपुढं इंग्रजीत काहीतरी म्हणत होती. तिला मराठी वाचता येत नाही, त्यामुळं हे मी लिहितोय ते या घरात कोणी वाचेल याची मला भीती नाही.

मुलाला सांगून उपयोग नव्हता, म्हणून सांगितलं नाही. पूर्वेकडचं अर्धं मागच्या खेपेला तुटलं होतं. आता तिथं जे उभं आहे ते सगळे फुटवे माझ्या बायकोनं निवडून ठेवलेले आहेत. एकेका खुंटापाशी वाकून, वारा येतो त्या अंगाचे दोन ठेवून, बाकीचे कोयत्यानं काढून. मनगटाएवढे झालेत आता. दुसऱ्या कशाला तिचा हात इतक्या ठिकाणी लागलेला मला माहीत नाही. घरातलं सगळं सुनेनं आवरून टाकलं, कपाट सुद्धा. ते अर्धं मी तोडू देणार नव्हतो. मग कोणी मला मूर्ख म्हणो.

टोळी आली. आधी पटेलाचं रान पडलं, मग आमचं पश्चिमेकडचं. कुठवर तोडायचं ते कळावं म्हणून बायको मधल्या रांगेला जुन्या साडीच्या पट्ट्या बांधायची. तिची साडी फाडायला माझा हात झाला नाही. मी चुना नेला आणि प्रत्येक बुंध्याला फासला. मेस्त्री म्हणाला, "चच्चा, शादी है क्या?" मी म्हटलं, या रेषेच्या पलीकडं एक घाव गेला तर तुझी शादी करतो. दिवसभर मी त्या रांगेत उभा राहिलो. उन्हात निलगिरीच्या पाल्याचा वास डोक्यात जातो. बायका ओली साल ओढून काढत होत्या, ती सरसर निघत होती. त्यातली एक म्हणाली, तात्या, सावलीत बस, आम्ही चोर नाही. मी म्हटलं, ते मी ठरवीन.

तोड चांगली झाली. खोटं कशाला लिहू. बुडाशी खाली, तिरपे घाव.

मग गाड्या आल्या आणि पटेलाचं लाकूड भरायला लागले. माझा ढीग तसाच पडून. मी मेस्त्रीला विचारलं. तो म्हणाला, पटेलाचं सरल्यावर जागा उरली तर. नाहीतर तुमचं उभं आहे ते द्या, त्याच्यात मिळवून एक गाडी वेगळी बोलावतो. ही पटेलाची शिकवण होती, मला दिसत होतं. तो मोटारसायकलवर बसून माझ्याकडं बघत होता. उन्हात लाकूड वाळतं, वाळलं की वजन उतरतं, आणि कागदाचा कारखाना वजनावर घेतो. रोज तो ढीग हलका होत होता आणि रोज मी बसनं जाऊन त्याच्याकडं बघत बसत होतो. तिसऱ्या खेपेला मेस्त्री म्हणाला, "आपके भले का बोल रा मैं." मी म्हटलं, माझ्या भल्याचं बोलणारी मेली, तू गाडीचं बोल.

त्या दिवशी पटेलाची बायको आली. रिक्षातून उतरून गुडघ्यावर हात ठेवत ठेवत चालत आली. माझ्याकडं पाहिलंच नाही. सरळ मेस्त्रीपाशी गेली आणि तेलुगूत विचारलं, "त्यांचं का पडलंय?"

मेस्त्री पटेलाकडं बघायला लागला.

"तिकडं काय बघतोस? दर कोणी ठरवला होता, त्यानं की मी? ज्याचं थोडं त्याचं आधी भरायचं, असं आपलं आहे ना? भर."

पटेल ओरडला, "माझी गाडी आहे ती."

ती वळली. "जमीन तुझी होती, तू विकलीस. मला विचारलंस? लाकडाचं मी बघते. आजवर मीच बघितलंय."

टोळीतली माणसं मान खाली घालून हसत होती. मेस्त्रीनं गाडी माझ्या ढिगाकडं वळवली. पटेलाचं काही लाकूड गाडीवरून खाली उतरलं आणि त्याच जागी माझं चढलं. पटेल मला शिव्या देत होता, बायकोला देता येत नाहीत म्हणून. मी पण दिल्या.

गाडी भरेस्तोवर ती माझ्याजवळ येऊन बसली आणि रडायला लागली. मोठ्यानं, ऊर बडवून. मला ते सोसलं नाही. माझी बायको मेली आणि रडायचा मक्ता हिचा. मी म्हटलं, पटेलम्मा, पुरे करा, लोक बघतायत.

"बघू देत," ती पदरानं नाक पुसत म्हणाली. "दवाखान्यातून मला फोन केला होता तिनं. म्हणाली, यंदा पश्चिमेकडचं. तो विसरेल, तू लक्ष ठेव."

"मला नाही सांगितलं."

"तुला सांगून काय होणार होतं, अण्णा? तू पटेलाशी बोलला असतास?"

पटेलम्माला फोन करायला माझ्या बायकोजवळ वेळ होता, आणि माझ्याशी बोलली ते काय, तर गॅसचा नळ बंद केलास का. हे माझ्या पोटात अजून आहे. जाणार नाही.

ती उठली तेव्हा म्हणाली, "दोन वर्षांनी मी इथं नसेन. हे अर्धं ठेवायचं असेल तर आत्तापासून दुसरी बाई बघ, अण्णा. जिच्याकडं निलगिरी आहे अशी. बाप्यांना विचारत बसू नको, त्यांना हे जमत नाही."

आमच्या दुसऱ्या अंगाला बँकेतून निवृत्त झालेल्या एकाचं रान आहे. तारेचं कुंपण, फाटकावर पाटी, कुत्रं. झाडं निलगिरीचीच. आमच्या रानातून साप येतात म्हणून त्यानं एकदा माझ्या मुलाला फोनवर लांबलचक निरोप पाठवला होता. त्याचं तोंड पाहायची माझी इच्छा नव्हती. पण आता पटेलाच्या बाजूला जेसीबी लागला होता, खुंटं उपसून ढीग घालत होता, आणि इकडं हा एकच उरला होता. एका रविवारी गेलो.

तो फाटकाशी आला. "हाँ, क्या काम है?"

"तुमसे नहीं. घर में से बुलाओ."

"मतलब?"

"मतलब मॅडम को बुलाओ. झाड़ों की बात है."

त्याला राग आला. कुत्र्यालाही आला. पण बाई आतून ऐकत होती, ती बाहेर आली. हाताला पीठ होतं. मी तिला उभ्या उभ्या सगळं सांगितलं, आमचं अर्धं, तुमचं अर्धं, एक टोळी, पूर्ण गाडी. नवरा मधे मधे म्हणत होता, यात आमचा फायदा काय. तिनं त्याच्याकडं लक्ष दिलं नाही. एवढ्यावरून मला बरं वाटलं. ती हिंदीत म्हणाली, आधी तुमचं अर्धं दाखवा, काड्या असतील तर मी माझं लाकूड त्यांच्याबरोबर पाठवणार नाही.

हात धुऊन ती माझ्यामागून आली. पूर्वेकडच्या रांगांतून चालताना तिनं एकेक झाड दाबून पाहिलं. मला ते आवडत नव्हतं. पुढच्या रांगा पाहून ती म्हणाली, चांगलं राखलंय. मग आम्ही टोकाच्या रांगांपर्यंत गेलो, पार मागं, जिथं मी सहसा जात नाही. तिथं ती थांबली.

"ये क्या है? एका खुंटावर पाच पाच. इथं कोणी विरळलंच नाही. सगळे बारीक राहिलेत."

मी पाहिलं. खरं होतं. शेवटच्या रांगांत फुटवे तसेच होते, एकमेकांना ढकलत वर गेलेले. माझी बायको काम अर्धं टाकून उठणाऱ्यांतली नव्हती. इथवर पोचली आणि तिच्यानं पुढं वाकवलं नसेल. म्हणजे दुखणं तेव्हापासून होतं. रिपोर्टात निघालं त्याच्या खूप आधीपासून. घरी आली असेल आणि भाकऱ्या केल्या असतील.

"तबीयत ठीक नहीं थी," मी म्हटलं.

"किसकी?"

मी सांगितलं नाही. ती बाई एक बारीक फुटवा वाकवून बघत म्हणाली, "हे आत्ता काढलं तर दोन वर्षांत भरेल. नाही काढलं तर आपला व्यवहार नाही. उगाच मला थापा नका मारू."

मी म्हटलं, माझ्या बायकोच्या रानात उभं राहून मला थापेबाज म्हणू नका. ती म्हणाली, मग कोयता घ्या ना, तोंड काय चालवता. मी रानातल्या आमच्या झोपडीतून बायकोचा कोयता आणला. धार गेलेली होती, दगडावर लावून घेतली. पहिल्या खुंटाशी वाकलो तर कंबर कडकन बोलली. ती बाई माझ्या डोक्यावर उभी.

"वारा येतो त्या बाजूचे दोन ठेवा."

"मला शिकवू नका," मी म्हटलं, आणि तिसऱ्याच्या बुडाशी घाव घातला.